परिसर अभ्यासाचे प्रकल्प मुलांच्याच हातांनी: खान्देशात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

जिल्हा परिषदेच्या शाळेत नवा माणूस रुजू झाला की सत्र सुरू होता होताच पालक विचारतात, "सर, यंदा प्रकल्प काय देणार?" उत्तरही ठरलेलं असतं. कुणाला किल्ला, कुणाला 'आपले मदतनीस', कुणाला वाहतुकीची साधनं. मग स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तयार कागद येतात, किल्ला मामा करून देतो आणि मूल फक्त त्यावर नाव टाकतं. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८पासून बंदी आहे, तरी थर्माकोलचा किल्ला कुठून ना कुठून वर्गात येतोच. मुलाच्या वाट्याला त्यातलं काय येतं? घरून शाळेपर्यंत तो जपून आणण्याची हमाली.

हा लेख खान्देशात पहिल्यांदाच तिसरी-चौथीचा वर्ग हाती घेणाऱ्यांसाठी आहे. पवित्र पोर्टलवरून निवड होऊन कोल्हापूर, सोलापूर, बीडकडची मंडळी धडगाव, यावल, साक्रीत येतात. त्यांना गाव नवं, बोली नवी, नदीसुद्धा उलट्या दिशेने वाहणारी. अशा माणसाला एक मोठी सोय असते. त्याला खरोखरच काही माहीत नसतं, त्यामुळे त्याने मुलांना विचारलेला प्रश्न खोटा वाटत नाही.

आधी प्रश्न, मग वस्तू

प्रकल्प निवडताना एकच कसोटी लावा. ज्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही पण गावात आहे, तोच प्रश्न घ्या. 'तापी नदीची माहिती लिहा' हा प्रश्न बाद, कारण पोरं पुस्तकातला परिच्छेद उतरवून आणतील. 'आपल्या गावातल्या नाल्याचं पाणी तापीला कुठून कुठून जातं?' हा चालेल. त्यासाठी नाल्यावर जावं लागतं, आजोबांना विचारावं लागतं आणि शेवटी मातीत हात घालावा लागतो. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार निघत आलेलं आहे. ते जिल्ह्यापर्यंत आणून सोडतं, तिथून गावापर्यंतचा रस्ता आपण काढायचा.

वर्षभरात असे तीन प्रकल्प पुरे. दर महिन्याला एक घ्यायला गेलात तर तेरावा महिना लागेल आणि शेवटचे चार तुम्हीच रात्री जागून पूर्ण कराल.

वेळापत्रक मात्र खान्देशाच्या हंगामावर बेता. मातीची कामं पोळ्याच्या आगेमागे घ्या, तेव्हा पोरांचे हात बैल करून सरावलेले असतात आणि चांगली चिकणमाती कुठे मिळते हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. नकाशाचं काम पावसाने उघडीप दिल्यावर, पण दिवाळीच्या आत. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात, पट कागदावर तेवढाच राहतो आणि गट मोडतात. कापसाचं काम वेचणी चालू असताना. मार्चपासून सकाळची शाळा लागली की उन्हात फिरण्याचं नाव काढू नका. मुलाखती उन्हाळी सुटीवर टाका, कारण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. घरात आजी, आत्या, मावशी सगळ्या एकाच झोक्याभोवती सापडण्याचा तो एकमेव मोसम.

गावाचा नकाशा, पावलांनी मोजलेला

नव्या शिक्षकाने पहिला प्रकल्प हाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. पोरांचा अभ्यास होतो आणि तुम्हालाही गाव कळतं. लागतं काय? मीटरपट्टी, चुना किंवा राख, सुतळी, वही-पेन्सिल. शनिवारच्या तीन-चार सकाळी हाताशी ठेवा.

१. पाऊल मोजा. अंगणात १० मीटरची रेघ आखा. प्रत्येक मुलाने नेहमीच्या चालीने ती चालायची आणि पावलं मोजायची. चौथीच्या मुलाची साधारण २० भरतात, म्हणजे पाऊल अर्ध्या मीटरच्या आसपास. लांब ढांगा टाकून 'माझी पंधराच' सांगणारा एखादा असतोच. त्याला गावभर तशाच ढांगा टाकाव्या लागतील एवढंच सांगा, लगेच सरळ होतो. ज्यांचं माप २०च्या जवळ आहे, ते गटातले 'मोजणारे'.

२. उत्तर दिशा शोधा. 'सूर्य उगवतो ती पूर्व' हे ढोबळ झालं. डिसेंबरात तो चांगलाच दक्षिणेकडे सरकून उगवतो. पक्की उत्तर हवी असेल तर अंगणात सरळ काठी रोवा आणि दुपारी बारा ते एकच्या दरम्यान दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली जिकडे पडते ती उत्तर. आपल्याकडे ती घड्याळातल्या बाराला पडत नाही, साडेबाराच्या आसपास पडते, हे पोरांना स्वतः सापडू द्या. हा प्रयोग सप्टेंबरनंतरच करा. मेअखेर आणि जुलैच्या मध्यास सूर्य खान्देशाच्या ऐन डोक्यावर येतो, सावली पायाखालीच राहते आणि मधल्या काळात तर ती उलटी, दक्षिणेला पडते.

३. गट पाडा. चार-पाच जणांचा एक गट, गटाला एकच रस्ता. सुरुवात सगळ्यांची एकाच ठिकाणाहून, शाळेच्या फाटकापासून किंवा मारुतीच्या पारापासून. एक मोजतो, एक लिहितो, एक वळणं बघतो ('इथे डाव्या हाताला वळलो'), एक वाटेतल्या माणसांना जागांची नावं विचारतो. दर ५० पावलांना वहीत खूण. मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर तुम्ही त्या गटाबरोबर, बाकीच्यांबरोबर शाळा व्यवस्थापन समितीतले एकेक पालक.

४. अंगणावर उतरवा. १०० पावलं म्हणजे सुमारे ५० मीटर. ती अर्ध्या मीटरपट्टीने दाखवायची, म्हणजे प्रमाण झालं १:१००. चारशे मीटरचं गावठाण चार मीटरमध्ये बसतं, अंगणाला झेपतं. आधी उत्तरेचा बाण, मग पार, मग एकेक रस्ता चुन्याने. वर्गातल्या फळ्यावर हे करू नका. अंगणावर मूल स्वतः नकाशात उभं राहतं, आपल्या घरापासून शाळेपर्यंत चालून दाखवतं.

५. भांडू द्या. दोन गटांचे रस्ते जिथे मिळायला हवेत तिथे मिळत नाहीत. नाल्यावरचा फरशी पूल एकाच्या मते डेअरीच्या अलीकडे, दुसऱ्याच्या मते पलीकडे. इथे तुम्ही निकाल देऊ नका. दोन्ही गटांतला एकेक मोजणारा पुन्हा पाठवा. तो परत येईपर्यंतची वीस मिनिटं या प्रकल्पाचा गाभा आहेत. मोबाइलवरचा उपग्रह नकाशाही आत्ता दाखवू नका. सगळं उतरल्यावर शेवटी दाखवा, पोरं स्वतःच्या चुका आपण होऊन शोधतात.

६. कागदावर घ्या. जुन्या कॅलेंडरांची पाठची बाजू खळीने जोडून मोठा कागद करा. विहीर, हातपंप, मंदिर, मशीद, बुद्धविहार, दवाखाना, दूध डेअरी, जिनिंग (कापसातून सरकी काढण्याचा कारखाना) यांच्या खुणा मुलांनीच ठरवायच्या आणि कोपऱ्यात सूची द्यायची.

एका गोष्टीवर नजर ठेवा. पहिल्या खेपेला नकाशात जवळपास नेहमीच भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, सुटते, किंवा गावाबाहेरची एखादी वस्ती. मुद्दाम कुणी वगळत नाही. रस्ता निवडणारी पोरं तिकडची नसतात, एवढंच. त्यामुळे गट पाडतानाच त्या वस्तीतलं मूल 'मोजणारा' म्हणून घ्या आणि एक रस्ता तिकडेच जाऊ द्या. त्यावर भाषण करायची गरज नाही.

नकाशा झाला की त्याला प्रश्न विचारा. सगळ्यात जास्त पावलं चालून कोण येतं? पाण्यासाठी सर्वांत लांब कुणाला जावं लागतं? लाल परी जिथे थांबते तिथून दवाखाना किती पावलं? शेवटी तलाठ्याकडचा गाव नकाशा एकदा दाखवा. तलाठी आता कागदावर ग्राम महसूल अधिकारी झाले, गावात अजून तलाठीआप्पाच आहेत. त्या नकाशात घरं नसतात, जमिनींचे गट क्रमांक असतात. दोन्ही शेजारी ठेवले की नकाशा कोण कशासाठी काढतं हा विषय आपसूक निघतो.

पत्र्यावरचं तापीचं खोरं

तीन फूट बाय दोन फूट पत्रा, कडा थोड्या वाकवलेल्या. तो नसेल तर जुनं दार. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा आणि पूर्वेकडच्या टोकाखाली विटेचा तुकडा सरकवा. कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात, आपली तापी पश्चिमेला. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम, ७२४ किलोमीटरचा प्रवास, सुरतेजवळ अरबी समुद्र. ती खचदरीतून वाहते. जमिनीचा मधला पट्टा खचला, दोन्ही बाजू उंच राहिल्या. हे समजावायला मातीचा जाड थर द्या आणि मधोमध हाताच्या कडेने लांबलचक दाबा. तेवढं पुरतं.

माती नुसती काळी घेऊ नका. वाळताना ती भेगाळते आणि दुसऱ्या दिवशी सातपुड्याचे सहा तुकडे होतात. कुंभाराकडची थोडी लीद किंवा गव्हाचा भुसा मिसळा. पण एक मूठभर नुसती काळी माती बाजूला थापून वाळत ठेवाच. तिच्या भेगा बघून एखादं पोरगं म्हणतं, आमच्या वावरात उन्हाळ्यात अशाच पडतात. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, मग धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांवर वेगळी खारी माती का टाकतात हा पुढचा प्रश्न घरी न्यायला द्या.

उत्तरेला सातपुडा, वीतभर उंच. नंदुरबारकडच्या शाळेने तिथे तोरणमाळ दाखवावं. दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, थोड्या ठेंगण्या. आता बोटाने नद्या ओढा. उत्तरेकडून येणाऱ्या मोर, अनेर, अरुणावती, गोमाई आखूड आणि तीव्र उताराच्या. दक्षिणेच्या लांब: वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून येते, गिरणा नाशिक जिल्ह्यातून निघून आधी पूर्वेला जाते आणि मग उत्तरेला वळते. पांझराही तशीच, धुळे शहर ओलांडून उत्तरेला वळते आणि मुडावदला तापीला मिळते. पूर्णा चांगदेवला मिळते, गोमाई प्रकाशाला. संगमांवर काडेपेटीच्या काड्यांचे झेंडे लावा. मुलं झेंडे लावता लावताच विचारतात की प्रत्येक संगमावर देऊळ कसं काय. विचारू द्या.

सगळं अर्धवट ओलं असतानाच पाणी सोडायचं. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोकं पाडली की झारी तयार. सातपुड्याच्या अर्ध्या भागावर दूर्वा किंवा शेवाळ रोवा, उरलेला अर्धा बोडका ठेवा. दोन्हींवर तेवढंच पाणी, पण एकदम नाही: आधी हिरव्या भागावर, मग बोडक्यावर. पत्र्याच्या पश्चिम टोकाशी दर खेपेला वेगळी वाटी लावा आणि खाली उतरणारं पाणी वेगवेगळं धरा. एका वाटीत गढूळ चिखल, दुसरीत बरंच निवळ. दोन्ही वाट्या शाळा सुटेपर्यंत खिडकीत ठेवा, तळाला बसलेला गाळ पट्टीने मोजा, आकडा वहीत. हतनूरसारख्या धरणात गाळ का साचतो याचं उत्तर त्या वाटीच्या तळाशी असतं.

धुळे जिल्ह्यातल्या, विशेषतः साक्रीकडच्या शाळांनी याच पत्र्यावर फड पद्धत जरूर करावी. पांझरेवर शेकडो वर्षं चाललेली ही सामाईक सिंचनाची रीत. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या. खडे रचून बंधारा करा, पाटासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची उभी चिरलेली पट्टी वापरा, चार फड काड्यांनी आखा. मग खेळ. चार गटांना प्रत्येक फडात थोडी थोडी जमीन द्या आणि एकाला पाटकरी नेमा. पहिल्या वर्षी आठ वाट्या पाणी, दुसऱ्या वर्षी चारच. कोणता फड पडीक ठेवायचा ते गटांनी ठरवायचं. सगळ्यांची जमीन सगळ्या फडांत असल्याने एकट्याचंच नुकसान होत नाही, हे त्यांना दुसऱ्या वर्षाच्या भांडणात उमगतं. न उमगलं तर तिसरं वर्ष तीन वाट्यांचं करा.

मूठभर कापूस

हा एका दिवसाचा प्रकल्प, पण गणितासकट. बोंडातून नुकताच वेचलेला कापूस प्रत्येक गटाला थोडा. किराणा दुकानदाराकडून इलेक्ट्रॉनिक काटा तासाभरासाठी मागून आणा. आधी कापूस तोला, मग बोटांनी सरकी वेगळी करा, मग रुई आणि सरकी वेगवेगळी तोला. रुई साधारण तिसरा हिस्सा किंवा किंचित जास्त भरते. सगळे गट आपापले आकडे फळ्यावर लिहितात आणि बेरजेत दोन-चार ग्रॅम हरवलेले असतात. ते कुठे गेले? पोरांच्या केसांत.

आता मोठं गणित. कापसाची एक गाठ १७० किलो रुईची. मग एका गाठीला किती कापूस लागला? पाच क्विंटलच्या आसपास उत्तर येतं. एक माणूस दिवसाला किती किलो वेचतो, हा आकडा वर्गातल्याच कुणाची तरी आई नेमका सांगते. तिला वर्गात बोलवा. कुठल्याही पाहुण्यापेक्षा ती या विषयातली जास्त जाणकार आहे, आणि तिचं मूल त्या दिवशी ताठ बसतं. सरकी पुढे तेल आणि ढेपेला जाते, रुई गाठी बांधून सूतगिरणीला, हा प्रवास मुलांनी बाणांनी काढायचा. जिनिंग जवळ असेल तर फाटकातून गंजी बघून या, चालू यंत्रांपाशी नको. फवारणी झालेल्या वावरातला माल असतो, तेव्हा काम संपल्यावर साबणाने हात धुऊनच पोषण आहाराच्या रांगेत.

रावेर-यावलच्या पट्ट्यात कापसाऐवजी केळी घ्या. एका घडाला किती फण्या, एका फणीला किती केळी, ट्रक कुठे जातो. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भरिताच्या वांग्यालाही. वांग्याचा प्रकल्प केलात तर शेवटी भरीत करावंच लागेल, त्याची तयारी ठेवा.

दोरीवर टांगलेली सव्वाशे वर्षं

इतिहास म्हणजे सनावळी, हे मुलांच्या डोक्यात पाचवीच्या आतच बसतं. ते टाळायचं तर काळाला लांबी द्या. अडीच मीटरची सुतळी भिंतीवर ताणा. २० सेंटिमीटर म्हणजे दहा वर्षं. दर दहा वर्षांना गाठ. डावं टोक १९००, उजव्या टोकाला आजचा दिवस. मग कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या लावायच्या.

आधी मुलाचा जन्म. मग आईचा, आजीचा. मुलाची चिठ्ठी अगदी उजव्या कोपऱ्यात जेमतेम एका गाठीवर येते. नऊ वर्षांच्या माणसाला आपण किती नवे आहोत हे तिथे दिसतं. त्यानंतर आपल्या भागातले टप्पे, पण मोजकेच:

१९०६: एका खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले.
१९३६: फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं.
१९४२: नंदुरबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती गोळीबारात हुतात्मा झाले.
१९४५: अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढची विप्रो.
१९६०: महाराष्ट्र राज्य.
१९७२: दुष्काळ.
१९९८: १ जुलैला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

शिरीषकुमारबद्दल सांगताना त्याचं वय सांगायला विसरू नका, तो शाळकरी मुलगा होता. पुढचं मुलं स्वतः विचारतात, सावकाश उत्तरं द्या.

खरी गंमत यानंतर. दोरीवर गावाच्या चिठ्ठ्या लावायच्या: वीज कधी आली, पहिली एसटी, पहिला टीव्ही, शाळेची इमारत, नदीला आलेला मोठा पूर. यासाठी मुलाखती हव्यात आणि मुलाखतीसाठी प्रश्न. 'तुमच्या वेळी परिस्थिती कशी होती?' असं विचारलं की आबा म्हणतात, "चांगली होती." संपलं. त्यापेक्षा हाताला लागतील असे प्रश्न द्या. पाणी कुठून आणायचात? शाळेत कशावर लिहायचात? रात्री उजेड कशाचा? दुष्काळात काय खाल्लं? बहात्तर म्हटलं की पंच्याहत्तरीतला कुठलाही माणूस खडी फोडण्याचं काम, सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरी यांवर तासभर बोलतो.

मुलं अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत किंवा भिलीत विचारणार आणि आजी तशीच उत्तरं देणार. वहीतही तसंच उतरू द्या. 'शुद्ध' करायला लावलंत की निम्मं गळतं. तुम्हाला कळलं नाही तर मुलांनाच विचारा, पोरांना सरांना शिकवायला फार आवडतं. साल आठवत नसेल तर 'धाकट्या काकाच्या लग्नाच्या वर्षी' असं लिहून घ्या आणि ते लग्न कधीचं ते शोधायला पाठवा. दोन माणसांनी दोन वेगळी सालं सांगितली तर दोन्ही चिठ्ठ्या लावा, मध्ये प्रश्नचिन्ह.

'वडिलांची मुलाखत घ्या' असं कधी सांगू नका. काहींचे वडील नसतात, काहींचे असून नसतात. 'घरातलं किंवा गल्लीतलं कुणीही मोठं माणूस' म्हणा. शाळेचं जुनं जनरल रजिस्टरही मोलाचा कागद आहे. पहिला विद्यार्थी कोण, मुली कधीपासून येऊ लागल्या, सगळं त्यात आहे. पण त्यात जातीचा रकाना आहे, म्हणून ते मुलांच्या हातात देऊ नका. तुम्ही आकडे काढा आणि फळ्यावर द्या.

एका दिवसाचं संग्रहालय

घरातली जुनी वस्तू आणायची, एक दिवस मांडायची, संध्याकाळी परत. पितळी पायली, कंदील, चिमणी, मांड्यांचं खापर, मोटेचं चाक, छिद्राचा पैसा, जात्याचा खुंटा. सोनगीरच्या जवळपास असाल तर तांब्या-पितळेची भांडी ढिगाने येतील. प्रत्येक वस्तूखाली पुठ्ठ्याचं कार्ड: नाव काय, कशापासून बनली, काय कामाची, आता त्या कामाला काय वापरतात.

काचेपलीकडून बघायचं असं काही नको, वस्तू वापरून बघायच्या. दोन शेर म्हणजे अधोली आणि दोन अधोल्या म्हणजे पायली, हे कोष्टक वाळू भरून तपासा. दोन घरांच्या पायल्या सारख्या भरत नाहीत. मग व्यापाऱ्याची पायली आणि शेतकऱ्याची पायली वेगळी असली तर काय होत असेल, असं विचारून गप्प बसा. १९५७मध्ये दशमान नाणी आली, त्याआधी १६ आण्यांचा रुपया. जुन्या भावात बाजार भरवून हिशेब करायला लावा.

वस्तू घेताना वहीत नोंद, आणणाऱ्याची सही, देताना पुन्हा सही. चांदीचं, धारदार आणि देवघरातलं काही घ्यायचं नाही. ही अट पालकांच्या बैठकीत आधीच सांगा.

ग्रामसभा, थोडक्यात

नाटकापेक्षा खरा विषय घ्या, म्हणजे शाळेचाच: नळाची तोटी, मैदानातले दगड, वाचनाचा तास. अजेंडा दोन दिवस आधी भिंतीवर, मुलींनाही सरपंच करा, हात वर करून मत, ठराव वहीत. मंजूर ठरावाचं मुख्याध्यापकांनी लेखी उत्तर द्यायचं, मग ते 'नाही' असलं तरी चालेल. उत्तर मिळणार नसेल तर ग्रामसभा भरवूच नका. नंतर जमलं तर २ ऑक्टोबरच्या खऱ्या ग्रामसभेला चौथीचा वर्ग मागे बसवून आणा.

दोन शिक्षकी शाळा, नोंदी आणि उंदीर

चार वर्ग एका खोलीत असतील तर हे प्रकल्प अडचण न होता सोय होतात. पहिली-दुसरीने गोळा करायचं आणि रंगवायचं, तिसरीने मोजायचं, चौथीने लिहायचं आणि लहानांना समजावून सांगायचं. मातीच्या कामात मात्र सगळे सारखेच.

आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाला जागा आहे, पण 'प्रकल्पात उत्साहाने सहभागी होतो' ही नोंद पटावरच्या प्रत्येकाला लागू पडते, म्हणून ती कुणाचीच नाही. खिशात छोटी वही ठेवा आणि काम चालू असतानाच लिहा: 'वळणावर पावलं विसरली, स्वतःहून मागे जाऊन पुन्हा मोजली.' 'आजीला दुसरा प्रश्न स्वतः तयार करून विचारला.' अशा दोन-दोन ओळी प्रत्येकाच्या झाल्या की सत्राच्या शेवटी वर्णनात्मक नोंदी लिहायला शेजारच्या शाळेची वही मागावी लागत नाही. केंद्रप्रमुख आले की तयार वस्तू दाखवण्याआधी मुलांच्या खाडाखोडीच्या वह्या पुढे करा.

बाहेर जायचं असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचार पेटी आणि हजेरीची प्रत, एवढं न चुकता. धुळ्याला जाणं झालं तर राजवाडे संशोधन मंडळ बघा. चाळीसगावकडच्या शाळांना पाटणादेवीचा परिसर आहे, जिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. पण नदीकाठच्या सहलीत पाण्यात कुणी उतरणार नाही, तुम्हीसुद्धा.

वर्ष संपताना पत्र्यावरची माती शाळेच्या बागेत टाका. गावाचा नकाशा आणि काळाच्या चिठ्ठ्या मात्र पुढच्या वर्गासाठी राखून ठेवा. ते चुका शोधतील, नवी घरं घालतील. नकाशा गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा, कपाटावर नको. उंदरांना खळ फार आवडते.